मेणबत्ती वाचवणाऱ्या बायका

लोकरीच्या दुकानात जमणाऱ्या बायकांच्या कादंबऱ्यांचे इंग्रजीत गेल्या वीसेक वर्षांत एक वेगळे दालनच उभे राहिले आहे. डेबी मॅकोम्बर यांची ‘द शॉप ऑन ब्लॉसम स्ट्रीट’ २००४ साली आली, केट जेकब्स यांची ‘द फ्रायडे नाइट निटिंग क्लब’ २००७ साली. दोन्ही भरपूर खपल्या, दोन्हींचे पुढचे भाग निघाले आणि त्यांच्यामागून अशा पुस्तकांची रीघ लागली. साचा ठरलेला असतो. एक छोटे दुकान, ते चालवणारी एक बाई आणि नेमलेल्या वारी सुया-लोकर घेऊन येणाऱ्या चारपाच जणी. मॅकोम्बर यांची लिडिया दोनदा कर्करोगातून उठलेली आहे. तिच्या वर्गात सून पसंत नसलेली एक श्रीमंत सासू येते, मुलासाठी आसुसलेली एक स्त्री येते आणि कोर्टाने समाजसेवेचे तास भरायला लावलेली एक तरुण मुलगीही येते. बाळाची दुलई विणता विणता या जणी एकमेकींच्या होतात. अशा कादंबऱ्यांना पाकात घोळलेले साहित्य म्हणून बाजूला सारले जाते. दमलेल्या शहरी बाईला आयते मिळणारे गावपणाचे स्वप्न, यापलीकडे त्यांत काही नाही, असे म्हटले जाते. मला हा निकाल घाईचा वाटतो. बायकांनी एकत्र बसून विणायचे, विणताना गोष्ट ऐकायची आणि त्या बैठकीतून एकमेकींना आधार व्हायचे, ही इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली रीत आहे. मात्र तिच्या मुळाशी हौस नव्हती. उजेडाची आणि जळणाची काटकसर होती. हे एकदा ध्यानात घेतले, की या कादंबऱ्यांत काय खरे उरले आहे आणि काय गळून पडले आहे, हे जास्त नीट दिसते.

उत्तर इंग्लंडच्या डोंगरांत डेंट नावाचे गाव आहे. पूर्वी ते यॉर्कशायरमध्ये मोडायचे, आता कंब्रियात आहे. खोरे अरुंद, पाऊस फार, शेतीचे तुकडे लहान. मेंढ्या होत्या, पण नुसत्या मेंढ्यांवर घर चालत नव्हते. म्हणून अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात या सगळ्या खोऱ्यांत हातविणकाम हा घरोघरचा जोडधंदा झाला. दलाल जाड लोकर आणून टाकायचा, मोजे, टोप्या, हातमोजे विणून झाले की घेऊन जायचा आणि नगावर पैसे द्यायचा. दर इतका कमी, की हात रिकामा ठेवणे परवडत नसे. बाजाराला चालत जाताना, गुरांमागे फिरताना, दारात बोलत उभे असताना विणणे चालूच. त्यासाठी कमरेच्या पट्ट्यात एक कोरीव लाकडी दांडी खोचलेली असे. तिच्या टोकाच्या भोकात उजवी सुई रोवली, की सुईचा भार हातावर राहत नाही, बोटे फक्त धागा फिरवतात आणि वेग दुपटीने वाढल्यासारखा वाटतो. या दांड्या तिथल्या संग्रहालयांत आजही आहेत. कित्येकींवर नावे, आद्याक्षरे, हृदये कोरलेली आहेत, कारण तरुण मुले त्या स्वतः कोरून आपल्या आवडत्या मुलीला देत.

विल्यम हॉविट या लेखकाने १८३८ साली इंग्लंडच्या ग्रामीण जीवनावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात या खोऱ्यांतल्या संध्याकाळींचे जे वर्णन आहे, ते माझ्या म्हणण्याचा पहिला पुरावा. अंधार पडला, दिवसाची कामे आटोपली, लहान मुले निजली, की घरातली माणसे चुलीतला विस्तव विझवत किंवा राखेखाली दडपत. मग अंगावर झगा, हातात कंदील आणि काखेत विणकाम घेऊन त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याच्या घरी जात. घर रोज बदलत असे आणि पाळी सगळ्या वस्तीतून फिरत असे. जमल्यावर मेणबत्ती लावत नसत. दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या विस्तवाचा जेवढा उजेड पडेल तेवढ्यावर भागवायचे. सगळे एका लयीत मागेपुढे डोलत विणत, विणण्याची गाणी म्हणत, खोऱ्यातल्या जुन्या गोष्टी सांगत. यातली विस्तव विझवण्याची बारीकशी नोंद मला फार मोलाची वाटते. दहा घरांनी दहा चुली जाळण्याऐवजी एकाच घराने एक चूल जाळायची आणि ती झळ पाळीपाळीने सोसायची, असा तो रोखठोक हिशोब होता. शेजारधर्म त्या हिशोबातून उगवला. रोज रात्री एकाच विस्तवाभोवती बसणारी माणसे एकमेकांची सुखदुःखे जाणणार नाहीत, हे शक्यच नव्हते. कामाची लय आणि मनातले बोलणे यांचे नाते जात्यावरच्या ओव्या माहीत असलेल्या मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरा साक्षीदार याच गावचा आहे. ॲडम सेजविक १७८५ साली डेंटमध्ये जन्मला आणि पुढे केंब्रिजमध्ये भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक म्हणून नावाजला. उतारवयात, १८६८ साली, गावच्या एका प्रार्थनाघराच्या तंट्याच्या निमित्ताने त्याने एक पुस्तिका लिहिली आणि तिच्यात बालपणचे डेंट उभे केले. गावातल्या बैठकांबद्दल तो सांगतो, की गप्पा आणि गलका ऐन रंगात आला असताना एखाद्या हुशार, स्पष्ट वाचणाऱ्या मुलीला वाचायचा आग्रह होई. ती पुस्तक समोर ठेवून बसे आणि ‘रॉबिन्सन क्रूसो’चे एखादे प्रकरण वाचू लागे. पण हातातले विणणे थांबत नसे. पान उलटायला जेमतेम एका टाक्याचा खंड पडे आणि सुया पुन्हा चालू. तिचा आवाज आणि सगळ्यांच्या सुयांची टकटक, एवढेच ऐकू येई. बैठक गंभीर असेल तर ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ निघे, आणि वाचन संपले की त्यावर जड चर्चा झडे. आज कादंबरीत विणकामाचे मंडळ येते. डेंटमध्ये विणकामाच्या मंडळातच कादंबरी आली होती. ज्या बायांना पुस्तक विकत घेणे, मेणबत्ती लावून एकटीने वाचणे किंवा हात थांबवणे यांतले काहीच परवडत नव्हते, त्यांनी कथा ऐकण्याची ही वाट काढली होती. मैत्रीच्या आणि विणकामाच्या कथांना कोणी उपरा, बाजारू संकर म्हणत असेल, तर त्याने सेजविकची ही दोन पाने वाचावीत.

यावर पहिला आक्षेप निघेल तो असा, की या बैठका बायकांच्या नव्हत्याच. डेंटमध्ये पुरुष आणि मुलेही विणत. हे खरे आहे, आणि हॉविटच्या वर्णनातही सगळे घरच असते. त्यामुळे स्त्रियांच्या मैत्रीचा उगम डेंटमध्ये सापडला, असे मी म्हणत नाही. बैठकीचा सांगाडा तिथे दिसतो, एवढेच माझे म्हणणे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. पोटापुरतेही न मिळवून देणाऱ्या कष्टांना सोबतीचा मुलामा देणे म्हणजे शोषणाचे गोडवे गाणे नाही का? या प्रश्नाला जुन्या कागदांतच उत्तर आहे, आणि ते माझ्या बाजूने जाईल म्हणून गोड करायचे कारण नाही. कवी रॉबर्ट साउदीच्या ‘द डॉक्टर’ या अजस्र पुस्तकात दोन लहान बहिणींची हकीकत येते. सरोवरांच्या प्रदेशातल्या लँगडेलहून त्यांना विणकाम शिकायला डेंटला पाठवले होते. एकसारखे विणायला लावणे, परके घर, न रुचणारे अन्न, हे सगळे असह्य होऊन त्या पोरी पळाल्या आणि भर थंडीत पायी डोंगर ओलांडून आईबापांकडे परतल्या. ज्या विस्तवाभोवती शेजारणी हसत होत्या, त्याच्याच कडेला अशी मुलेही बसलेली होती. सोबत होती म्हणून काम हलके झाले असेल, पण मजुरी त्यामुळे वाढली नाही. वर्तुळ माणसाला धरूनही ठेवते आणि जखडूनही. माझा दावा एवढाच आहे, की खरी मैत्री या जागी वाढली ती कष्ट नाकारून नाही, कष्टांच्या आतच.

स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर हे आणखी ठसठशीत दिसते, कारण तिथले विणकाम खरोखरच बायकांचे होते. पुरुष मासेमारीला, देवमाशांच्या शिकारीला, व्यापारी जहाजांवर. कित्येक परत येत नसत. जुलै १८८१ मध्ये ग्लूप गावच्या दर्यावर एका वादळात १० होड्या आणि ५८ माणसे गेली. मागे राहिलेल्या बायका शेत बघत, पीट वाहत आणि विणत. पाठीवर पीटने भरलेली गवताची टोपली, कमरेला घोड्याच्या केसांनी भरलेला, भोके पाडलेला चामडी पट्टा, त्यात रोवलेली सुई आणि चालता चालता विणणारे हात, अशी त्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. लोकर पिंजायला त्या रात्री एकमेकींच्या घरी जमत. मुंबईच्या बंदरात पिढ्यान्‌पिढ्या ज्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटी लागत, तिच्या संस्थापकांपैकी आर्थर अँडरसन हा शेटलंडचाच. त्याने १८३७ साली व्हिक्टोरिया राणीला तिथले तलम मोजे भेट दिले आणि बेटांच्या विणकामाला लंडनमध्ये मागणी आली. मागणी आली तरी रोकडा आला नाही. व्यापारी शालीच्या बदल्यात चहा, कापड, असला माल देत. पीठ हवे असलेल्या बाईला चहा घेऊन गावात फिरावे लागे आणि तो पडत्या भावात देऊन पीठ मिळवावे लागे. १८७२ च्या जानेवारीत सरकारी चौकशी लर्विकमध्ये बसली तेव्हा विणणाऱ्या बायकांनी समोर येऊन हे सगळे दराबरहुकूम सांगितले. शाल विणायला किती दिवस लागतात, लोकर कितीची, हातात काय पडते, हे त्यांना तोंडपाठ होते. १८८७ च्या कायद्याने अशा कामाचा मोबदला रोखीने देणे बंधनकारक केले, तरी मालाची अदलाबदल पुढे बराच काळ रेंगाळली. त्या अहवालात मैत्री हा शब्द शोधायला गेलात तर कदाचित सापडणार नाही. पण पीठ देऊन चहा घेणारी शेजारीण पलीकडच्या बाजूला होती, म्हणूनच ते घर चालले. गरिबीत नाती बहुतेक अशाच देवघेवीतून दिसतात.

आता कादंबरीकडे. एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘क्रॅनफर्ड’ ही या सगळ्या दालनाची आजी म्हणावी अशी आहे. डिसेंबर १८५१ ते मे १८५३ या काळात ती चार्ल्स डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात अधूनमधून प्रसिद्ध झाली. गाव कल्पित, पण नमुना चेशरमधल्या नट्सफर्डचा, जिथे गॅस्केल लहानाच्या मोठ्या झाल्या. डेंटच्या बैठकी लिहून ठेवणारा हॉविट आणि ‘क्रॅनफर्ड’ लिहिणाऱ्या गॅस्केल यांची ओळख होती. त्याचे ग्रामीण जीवनावरचे पुस्तक आले त्याच १८३८ साली त्यांनी त्याची बायको मेरी हिला पत्र लिहून आपल्या भागातल्या चालीरीती कळवल्या. १८४० साली त्यांचा एक लेख हॉविटच्या पुस्तकात छापला गेला आणि १८४७ साली त्यांच्या सुरुवातीच्या कथा हॉविटच्याच नियतकालिकात, टोपणनावाने. म्हणजे विस्तव विझवून शेजारी जाणाऱ्या माणसांबद्दल ज्याने लिहिले, त्यानेच या लेखिकेला वाट करून दिली. तिने त्याच्याकडून उसनवारी केली, असे मी म्हणणार नाही. लोकांच्या साध्यासुध्या सवयींकडे पुरावा म्हणून बघण्याची नजर मात्र दोघांची एकच आहे.

ती नजर ‘क्रॅनफर्ड’मध्ये मेणबत्तीवर स्थिरावते. मिस मॅटी ही वृद्ध, अविवाहित, सुखवस्तू म्हणवणारी पण बेताच्या उत्पन्नाची बाई. हिवाळ्यातल्या संध्याकाळी ती दोनदोन तीनतीन तास अंधारात किंवा शेकोटीच्या उजेडात विणत बसते, कारण विणायला डोळे लागत नाहीत आणि मेणबत्ती वाचते. तिच्याकडे पाहुणी आलेल्या, ही कथा सांगणाऱ्या मेरीला शिवण संपवायचे असते, पण मेणबत्ती मागवायला परवानगी मिळत नाही. चहाबरोबर दोन मेणबत्त्या येतात, त्यातली एकच पेटते. कोणी अवचित आले तर दोन्ही लावाव्या लागतील आणि दोन्हींची उंची सारखी दिसली पाहिजे, म्हणून त्या आळीपाळीने जाळायच्या. मेरीचे अर्धे लक्ष उजेडाकडे आणि अर्धे त्यांच्या उंचीकडे. हसू येते, पण गॅस्केल हिणवत नाहीत. डेंटमध्ये उजेड वाचवण्यासाठी माणसे एकत्र येतात, इथे येणाऱ्या माणसासाठी उजेड वाचवून ठेवतात. गरज एकच आहे, फक्त प्रतिष्ठेने तिला पडद्याआड नेले आहे.

पडदा फाटतो तो बँक बुडते तेव्हा. मॅटीला वर्षाला १४९ पौंडांवर मिळत ते बंद होतात आणि हातात उरतात १३ पौंड. मेरी बसून विचार करते, की हिला काय येते ज्यावर पोट भरेल? रंगीत कागदांच्या वाती आणि नाजूक विणीचे मोज्यांचे बंद, ही तिची कला. शेटलंडची बाई त्याच सुयांवर घर चालवत होती. मॅटीला ते जमणारे नाही, कारण पैशासाठी विणले की प्रतिष्ठा गेली. तिच्या मैत्रिणी गुपचूप जमतात आणि प्रत्येकजण वर्षाला किती देणार तो आकडा चिठ्ठीवर लिहून बंद पाकिटात देते, म्हणजे कोणाला कोणाचा आकडा कळू नये. मिसेस फॉरेस्टरचे सगळे उत्पन्न १०० पौंडांच्या आत, तरी ती त्याचा विसावा भाग देऊ करते. तेवढ्यासाठी तिला किती ठिकाणी हात आखडावा लागणार, हे गॅस्केल ठसवून सांगतात. पुढे मॅटी घरातच चहा विकायला लागते. त्याआधी गावच्या दुकानदाराला जाऊन विचारते, की माझ्यामुळे तुमचा धंदा बसणार नाही ना. तो उलट तिच्याकडे गिऱ्हाईक पाठवतो. व्यवहारी माणसाला हे वेडेपण वाटेल, आणि कादंबरीत मेरीचे व्यापारी वडील तसे म्हणतातही. मला मात्र इथे या प्रकारच्या साहित्याचे शिखर दिसते. मैत्री किती गोड आहे हे गॅस्केल सांगत बसत नाहीत, ती किती पौंडांची आहे ते दाखवतात.

गॅस्केल यांना हे योगायोगाने सुचले नव्हते. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या शार्लट ब्राँटेच्या चरित्रात त्यांनी तिघी बहिणींचा रात्रीचा नेम लिहिला आहे. नऊ वाजले की शिवणटिपण बाजूला ठेवायचे आणि दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत आपापल्या कादंबऱ्यांचे बेत एकमेकींना सांगायचे. तेव्हाही पुष्कळदा मेणबत्त्या विझवलेल्या असत, काटकसर म्हणून, आणि उजेड फक्त शेकोटीचा. इंग्रजी कादंबरीतली काही थोर पाने अशा वाचवलेल्या मेणबत्तीच्या अंधारात बोलली गेली.

यावर कोणी म्हणेल, की ब्राँटे बहिणी, मिस मॅटी आणि डेंटची मजूर बाई यांना एका माळेत ओवणे चूक आहे, त्यांच्यात वर्गाची भिंत आहे. भिंत आहेच. डेंटच्या बाईला ‘क्रॅनफर्ड’च्या दिवाणखान्यात कोणी बसवले नसते. पण भिंतीच्या दोन्ही बाजूंना तीच अडचण होती. बायकांच्या हाती स्वतःचे उत्पन्न नाही, किंवा आहे ते तोकडे आणि दुसऱ्याच्या मर्जीवरचे. म्हणून उजेड, ऊब आणि वेळ वाटून घ्यावा लागतो. वाटून घेण्याची पद्धत वर्गागणिक बदलते, गरज बदलत नाही.

आजच्या लोकरीच्या दुकानांत मेणबत्ती वाचवायचे कारण कोणालाच नाही. आज हाताने विणलेला स्वेटर तयार स्वेटरपेक्षा महाग पडतो, कारण नुसत्या चांगल्या लोकरीलाच तेवढे पैसे लागतात. शंभर-दीडशे वर्षांत हिशोब उलटा झाला. पूर्वी बाई विणायची कारण दोन पैसे हवे होते, आता दोन पैसे जास्तीचे असतात म्हणून विणते. या उलथापालथीकडे नव्या कादंबऱ्या बहुधा बघत नाहीत आणि तिथेच त्या उथळ होतात. तरी पूर्वीचा धागा पुरता तुटलेला नाही. मॅकोम्बर यांच्या लिडियासाठी दुकान हे आजारपणानंतरचे जगणे आहे आणि उपजीविकाही. जेकब्स यांची जॉर्जिया वॉकर एकटीने मुलगी वाढवते आणि विणलेल्या कपड्यांच्या मागण्यांवर घर चालवते. भाडे, उधारी, गिऱ्हाईक ही काळजी कथेत आहे तोवर मैत्रीला वजन राहते. ती काळजी कथेतून उठली आणि फक्त लोकरीचे रंग उरले, की पुस्तक लगेच पोकळ वाजते. ही दोन्ही दुकाने सिएटल आणि न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरांत आहेत, हेही सूचक आहे. विणकामाची वर्तुळे आता गावाने आपोआप घडत नाहीत, त्यांना शुल्क भरावे लागते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. डेंटच्या बैठकीतही प्रत्येक घर आपल्या पाळीचे पीट जाळून शुल्कच भरत होते.

डेंटच्या विणकामाचे जे काही आज आपल्याला ठाऊक आहे, त्यातले पुष्कळसे मारी हार्टली आणि जोन इंगिल्बी या दोघींमुळे. धंदा मोडून गेल्यावर, ज्यांना तो आठवत होता अशी म्हातारी माणसे अजून होती तोवर, त्यांनी खोरी पालथी घातली, सुया, दांड्या, आठवणी गोळा केल्या आणि १९५१ साली हातविणकरांवर पुस्तक काढले. हार्टली आधी एला पाँटिफ्रॅक्टबरोबर लिहीत असत. पाँटिफ्रॅक्ट १९४५ साली गेली आणि पुढे इंगिल्बी सोबतीला आली. दोघी ॲस्क्रिग गावी एका घरात राहत, एकत्र लिहीत आणि त्या लिहिण्यावर जगत. त्यांनी जमवलेल्या वस्तूंवर हॉज गावचे संग्रहालय उभे राहिले.